सॅल्मनची पिल्ले आणि निकस चारा

महोदय,

समुद्र तापला की मासे थंड पाण्याकडे सरकतात, एवढेच बहुधा छापून येते. सॅल्मनच्या पिल्लांचे दुखणे वेगळे आहे. नदीतून समुद्रात उतरल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्यांना झपाट्याने वाढावे लागते; लहानखुरे राहिलेले पिल्लू सहज भक्ष्य होते. खाणे मुबलक असेल तर थोडी ऊब वाढीला पोषकच ठरते (हे सहसा कुणी सांगत नाही). पण पाणी तापले की शरीराचा खर्च वाढतो आणि चाराही निकस होतो. २०१४ ते २०१६ दरम्यान ईशान्य प्रशांत महासागर तापला, तेव्हा अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडच्या चरबीदार कोपेपॉडांऐवजी (कोपेपॉड म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव; पिल्लांच्या अन्नसाखळीचा पाया) दक्षिणेकडचे कमी चरबीचे कोपेपॉड वाढले. मासेमारीच्या कोट्यावर भांडताना हा चारा कुणी मोजतो का?

– एक वाचक