शिफारसपत्र घरून टाइप करून आणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांत मुलाला प्रवेश कसा मिळवून द्यावा यावर पानभर मजकूर होता. तो लेख होता की जाहिरात, हे मला चष्मा पुसूनही कळलं नाही. शेवटी गंगापूर रोडवरच्या हॉटेलातल्या ‘मोफत मार्गदर्शना’ची वेळ दिली होती, म्हणजे जाहिरातच असावी. तसं वर बारीक अक्षरांत तरी छापत जा, ही पहिली विनंती.

मी नाशिकच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत २९ वर्षं होते, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापिका म्हणून. शेवटी शेवटी शहरातल्याच कॅनडा कॉर्नर भागातले पालक इंग्लंडचे फॉर्म घेऊन माझ्या केबिनमध्ये येऊ लागले. मुलांना तिकडे पाठवू नका, असं मी कुणाला सांगितलं नाही. ज्याची ऐपत आहे आणि ज्याच्या पोराला जायचंय, त्याने जावं. तक्रार वेगळीच आहे.

एक द्राक्ष बागायतदार आले. बाग निफाड तालुक्यात, बिऱ्हाड मुलांच्या शिक्षणासाठी नाशकात. मुलगा सातवीत. त्यांनी टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला. “मॅडम, मजकूर तयार आहे. फक्त लेटरहेडवर घ्या आणि सही करा.” ते त्यांच्या कन्सल्टंटने लिहून दिलेलं माझं शिफारसपत्र होतं. त्यात मी म्हणत होते की हा मुलगा जन्मजात नेता असून त्याने समुद्रकिनारा स्वच्छतेची मोहीम चालवली. नाशिकला समुद्र कधी आला, एवढंच मी विचारलं. महिनाभराने एका मुलीचे वडील तसाच कागद घेऊन आले. समुद्रकिनारा तोच, जन्मजात नेतृत्व तेच. नाव मुलीचं घातलेलं, पण तीन ठिकाणी सर्वनाम मुलाचंच राहून गेलेलं.

मी त्या बागायतदारांना म्हटलं, “भाऊ, तुम्ही युरोपला माल पाठवता. मालात उरलेल्या औषधाच्या रेसिड्यूचा रिपोर्ट घरी टाइप करून लॅबला सहीला देता का?” ते हसले. म्हणाले, “छे हो, लॅबचा माणूस येऊन स्वतः प्लॉटमधून सॅम्पल काढतो.” मग थोडा वेळ गप्प बसले आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला.

पालकांना हे माहीत नसतं म्हणून सांगते. तिकडच्या बऱ्याच शाळा मुख्याध्यापकांकडून गोपनीय अहवाल मागवतात. तो थेट शाळेच्या ईमेलवर येतो आणि थेट परत जातो, पालकांच्या हातून नाही. त्यात विशेषणं कुणी मागत नाही. हजेरी किती, वर्तन कसं, कोणत्या विषयात अडतो, शिकताना खास मदत लागते का, काही ठिकाणी तर घरचे फी वेळेवर भरतात का, हेही विचारतात. बागायतदारांच्या मुलाबद्दल मी लिहिलं की गणित चांगलं, इंग्रजी लेखन बेताचं, अक्षर वाईट. सोमवारी उशिरा येतो, कारण रविवारी बागेत असतो. चूक दाखवली की रुसत नाही, दुरुस्त करतो. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचून तसंच ठेवलं, कारण ते खरं होतं आणि तिकडच्या शिक्षकाला तेच हवं असतं.

त्याची ऑनलाइन मुलाखत डिसेंबरात झाली. कन्सल्टंटने महिनाभर हवामान बदल आणि बुद्धिबळ घोटून घेतलं होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, “काल काय केलंस?” पोरगं गडबडलं आणि खरं बोलून गेलं. काल बागेत जीएची, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाची, डिपिंग होती. मग मग्यात एकेक घड कसा बुडवायचा, बाहेर काढल्यावर हलकेच कसा झटकायचा, टोकाला थेंब राहिला तर तिथले मणी कसे खराब होतात, सगळं सांगितलं. वीस मिनिटांतली दहा मिनिटं त्यातच गेली. त्या शाळेने जागा देऊ केली. जिथे पाठ केलेली उत्तरं दिली होती, त्या शाळेचा नकार आला. दोन मुलाखतींवरून नियम काढू नये, हे मलाही कळतं. पण पाठांतर ओळखायला त्या लोकांना फार वेळ लागत नाही.

परीक्षेचंही असंच. बऱ्याच शाळा आयएसईबी या तिकडच्या खाजगी शाळांच्या परीक्षा मंडळाची प्री-टेस्ट, म्हणजे प्रवेशाआधीची चाचणी, घेतात. इंग्रजी, गणित आणि दोन प्रकारची तर्कशक्ती, सगळं संगणकावर. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, आणि शैक्षणिक वर्षात ती एकदाच देता येते. यातली तर्कशक्ती म्हणजे आपल्या शालेय शिष्यवृत्ती परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणीच जवळजवळ. तिचे जुने संच मेन रोडला मिळतात. हजारो रुपयांचं ‘यूके रीझनिंग पॅकेज’ घेण्याआधी ते सोडवून बघा. इंग्रजीला मात्र तोडगा नाही. रोज वाचायचं आणि रोज पानभर स्वतःच्या मनाचं लिहायचं.

आता कन्सल्टंट मंडळींबद्दल. सगळे वाईट नसतात. पण यातले अनेकजण पालकांकडून फी घेतात आणि पहिल्या वर्षाच्या फीवर शाळेकडून कमिशनही घेतात, हे पालकांना ठाऊक नसतं. मी एकाला विचारलं, “तुम्हाला कमिशन न देणारी एखादी शाळा या यादीत आहे का?” त्याने माझ्यासाठी चहा मागवला. चहा चांगला होता.

त्याच माणसाने या बागायतदारांना जुनं माहितीपत्रक दिलं होतं. वर्षाची फी ४२ हजार पौंड. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो, हे त्यात नव्हतं. म्हणजे आणखी ८,४०० पौंड. पौंड ११५ रुपये धरला तरी वर्षाला साडेनऊ लाखांच्या वर, आणि हा नुसता कर. ईटनसारख्या नामवंत शाळेची फी तर व्हॅट धरून ६० हजार पौंडांच्या पलीकडे आहे. व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. परदेशी मुलांकडून अनामत म्हणून पूर्ण टर्मची फी आधी घेणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. आणि करारातलं एक कलम सहीच्या आधी वाचाच. मूल रमलं नाही म्हणून काढायचं तर पूर्ण एक टर्म आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते. स्कॉलरशिप शब्दाने हुरळू नका. बऱ्याच ठिकाणी तो मान असतो, पाच-दहा टक्के सवलत मिळाली तर मिळाली. उत्पन्न पाहून दिली जाणारी मोठी मदत बहुतेक करून तिथल्याच मुलांसाठी असते. ‘स्वस्तातलं सरकारी बोर्डिंग’ कुणी विकत असेल तर उठून या. आपल्या मुलांना मिळणारा चाइल्ड स्टुडंट व्हिसा फक्त फी घेणाऱ्या खाजगी शाळांसाठी आहे.

“हॉस्टेल बारा महिने उघडं असतं,” असंही त्यांना सांगितलं होतं. नसतं. दर टर्मच्या मध्यावर सुट्टी लागते, काही शनिवार-रविवारीही शाळा मुलांना बाहेर पाठवते. त्या दिवसांसाठी इंग्लंडमध्ये राहणारा गार्डियन शाळा मागतेच. ओळखीतला कुणी लंडनला आहे म्हणून त्याचं नाव फॉर्मवर टाकून मोकळे होणारे पालक मी पाहिलेत. तेरा वर्षांचं पोर ऑक्टोबरच्या थंडीत बॅग घेऊन त्या माणसाच्या दारात उभं राहणार आहे, हे त्याला विचारलंय का? एजिस नावाची संस्था अशा गार्डियन कंपन्या तपासून मान्यता देते. पैसे जातात, पण निदान कुणी जबाबदार असतं.

वयाचंही सांगायचंय. ईटनला तेराव्या वर्षी घालायचं तर नोंदणी तिकडच्या इयत्ता पाचवीतच, ३० जूनपर्यंत करावी लागते. म्हणजे आपल्याकडे पोर चौथीत असताना. आठवीत जागे झालेल्यांना ते दार बंद असतं. पण दहावीनंतर सोळाव्या वर्षी ए लेव्हलसाठी, म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीसाठी, घेणाऱ्या शाळा भरपूर आहेत. त्यांच्या परीक्षा आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात होतात, दहावीच्या निकालाची वाट बघत बसू नये. मला विचाराल तर हेच वय बरं. पंडित नेहरू १९०५ साली इंग्लंडच्या हॅरो शाळेत गेले तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि आई-वडील बोटीने सोबत गेले होते. आपण दहा वर्षांच्या पोराला एकट्याला विमानात बसवायला निघालो आहोत. ज्यांना नुसती पद्धत हवी आहे त्यांच्यासाठी वेलिंग्टन कॉलेज या इंग्लंडच्या शाळेची शाखा २०२३ पासून पुण्यात आहे, शनिवारी गाडी काढून भेटून येता येतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. जागा मिळाली, पण त्याच महिन्यात अवकाळीने बाग झोडपली. अनामत भरायची मुदत होती, वडिलांनी भरली नाही. नोंदणीचे पैसे तेवढे गेले. आता दहावीनंतर बघू म्हणतात. पोराने त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, असं त्याच्या आईने मला सांगितलं. बापाला वाटतं तो मन मारतोय. मी मुलालाच विचारलं. तो म्हणाला, “जायचंय मॅडम, पण आत्ता नाही.” हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

शहरातल्या मुख्याध्यापकांना एवढंच सांगणं आहे की घरून आलेल्या मजकुरावर सही करू नका. पुढच्या वर्षी तुमच्याच शाळेचं खरोखर हुशार पोर अर्ज करेल, तेव्हा तुमच्या सहीला काही वजन उरलेलं असू द्या. निवृत्त झाल्यापासून शनिवारी संध्याकाळी ओळखीच्या घरांतली चार-सहा मुलं माझ्या ओट्यावर येऊन बसतात. निबंध तपासते, मुलाखतीसारख्या गप्पा मारते. फी नाही. मुलाला आणावं, पेनड्राइव्ह आणू नये.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
तिडके कॉलनी, नाशिक