कार्बोरेटरला हात लावण्याआधी

आजरा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

गाडी सिग्नलला बंद पडते, अ‍ॅव्हरेज उतरलंय आणि मेकॅनिक कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, "पेट्रोल कमी करून देतो" म्हणतोय, असं तू फोनवर सांगितलंस. त्याला नको म्हण. पेट्रोल गरजेपेक्षा कमी पडलं की गाडी पिकअप घेताना अडखळते, इंजिन तापतं. मग तेवढीच ओढ मिळवायला तू मूठ जास्त पिळणार आणि वाचवलेलं सगळं तिथंच जाणार.

आधी एअर फिल्टर साफ करून घे, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, आणि ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा गॅप बघायला सांग. फिल्टर कोंदला की हवा कमी पडते आणि बोल मात्र कार्बोरेटरला लागतो.

मग कोल्हापुरात विद्यापीठापासून हायवेपर्यंत फिरवून गाडी चांगली गरम कर. थंड इंजिनावरचं सेटिंग टिकत नाही. गाडी बंद करून कार्बोरेटरवरचा एअर स्क्रू हलक्या हातानं आत टेकेपर्यंत फिरव आणि किती फेरे बसले ते लिहून ठेव. आवळू नकोस गं, त्याचं टोक फार नाजूक असतं. स्क्रू परत तेवढाच उघड, गाडी चालू कर, स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावरचा इंजिनचा वेग, जरा वाढव आणि एअर स्क्रू पाव-पाव फेरा आत-बाहेर करून बघ. एका जागी आवाज चढून एकसारखा होईल, त्याच्या पुढं गेलीस की पुन्हा पडेल. त्या एकसारख्या आवाजावर थांब आणि स्लो खाली आण. आपल्या गाडीचा हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, त्यामुळं तो आत गेला की हवा घटते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला स्क्रू असलेल्या गाड्यांत बरोबर उलटं होतं, मैत्रिणीची गाडी करायला घेशील तेव्हा ध्यानात ठेव.

राजारामपुरी ते दसरा चौक या गर्दीत मूठ जेमतेम उघडते, तिथं हाच स्क्रू कामाला येतो. निडल आणि मेन जेट हे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे भाग वरच्या वेगाचे, त्यांना सध्या हात नको.

चार दिवस चालवून प्लग काढ. बिस्किटाचा रंग आला तर जमलं. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक दिसला तर कमी. अ‍ॅव्हरेज टाकी काठोकाठ भरूनच काढ, काट्यावर जाऊ नकोस.

1 एप्रिल 2020 ला बीएस-सहा हा गाड्यांच्या धुराचा नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. उद्यमनगरात हे काम कानानं करणारे हात अजून आहेत, ते आहेत तोवर तू शिकून घ्यावंस असं मला मनापासून वाटतं. रविवारी पन्हाळ्याचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घेऊन बघ आणि कुठं दम तोडते ते मला कळव. प्लगचा फोटोही पाठव.

तुझे बाबा