ओट्यावर राहिलेला डबा

खानापूर, बुधवार

चि. सुहास, अनेक आशीर्वाद.

काल तुला बंगळूरच्या गाडीत बसवून आले, तर डबा ओट्यावरच. भाकऱ्या, मेथी, सगळं तसंच. मग रात्रीची गोळी कशावर घेतलीस?

फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतोस, म्हणून लिहिते. खरं तर मलप्रभेला पाणी आलंय, अक्कांच्या धाकटीचं ठरलंय, तेच लिहिणार होते. पण आषाढीची सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. निर्जळी उपास आणि वर ती साखर उतरवणारी गोळी, ग्लिमेपिराइड. तुळशीपाशी घामाने निथळत काहीबाही बोलत होतास. मी साखरपाणी पाजायला धावले, तर शेजारच्या नर्सबाईंनी हात धरला. शुद्ध नसताना ओतलं तर श्वासनळीत जातं म्हणाल्या.

बेळगावात रक्तातली साखर भरली 38. ग्लुकोज चढवल्यावर तू डोळे उघडलेस, मला वाटलं सुटलो. पण मशीनवर ठोके चुकत होते. डॉक्टर म्हणाले, साखर एवढी उतरली की अंगात अॅड्रेनालिन उसळतं, रक्तातलं पोटॅशियम घटतं, काळजाची लय बिघडते. गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. त्या बाकावर मला सारखे तात्याच आठवत होते.

तुझी ती बीपीची गोळी साखर उतरल्याची धडधड, थरथर झाकून टाकते म्हणे. घाम मात्र येतो, त्याकडे बघ. रक्तातली साखर 70च्या खाली गेली की तीन चमचे साखर खायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मीटिंग लांबली तरी जेवण चुकवायचं नाही. आणि उपास धरायचा तर आधी डॉक्टरांना विचारून.

बघ, पुन्हा शाळाच घेतली तुझी. रागावू नकोस रे. एवढी माणसं हाताखाली सांभाळतोस, तुला काय कळत नाही? सातवीच्या परीक्षेत डबा मित्राला देऊन उपाशीपोटी गणिताचा पेपर लिहिलास, तरी पहिला आलास. गावभर सांगत फिरले होते मी. तेव्हाच एक धपाटा घालायला हवा होता.

भाकऱ्या आज मी खाल्ल्या. हुबळीला गाडी थांबते, तिथे काही घेतलंस का, तेवढं कळव.

तुझी,
आई