मुक्त मूलकांविषयी अर्धेच शास्त्र का छापले जाते?

माननीय संपादक,
स. न.

मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत गेली अनेक वर्षे एक विधान जवळपास त्याच शब्दांत छापले जात आहे. फ्री रॅडिकल, म्हणजेच मुक्त मूलके, पेशींचा नाश करतात, वार्धक्य आणि कर्करोग ओढवून आणतात, म्हणून त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये, म्हणजे अँटिऑक्सिडंट, भरपूर घ्यावेत, असे ते विधान. आवळ्यावरील लेखात ते असते, ग्रीन टीवरील लेखात असते आणि गोळ्यांच्या जाहिरातीतही असते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हे विधान मला अस्वस्थ करते, कारण ते १९५६ सालच्या एका गृहीतकापाशी येऊन थांबले आहे आणि पुढच्या संशोधनाने त्या गृहीतकाला घातलेल्या मर्यादा वाचकापर्यंत पोहोचतच नाहीत.

रेणूतील इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. ज्यात एखादा इलेक्ट्रॉन एकटा उरतो ते मुक्त मूलक. कार्बनचे असे मूलक स्वतंत्रपणे टिकू शकत नाही, अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक रसायनशास्त्रज्ञांची खात्री झाली होती. १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग एक वेगळेच संयुग तयार करू पाहत होते. हाती आलेला पदार्थ मात्र हवेतील ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावत होता. नेहमीच्या चारऐवजी तीनच बंध असलेला कार्बन, म्हणजेच मुक्त मूलक, आपल्याला मिळाला आहे, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळी धाडसाचा होता. सजीवांच्या शरीराशी याचा संबंध जोडला जायला आणखी अर्धशतक लागले. १९५६ साली डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचे मूळ मुक्त मूलकांमुळे होणाऱ्या हानीत असावे, असे मांडले, आणि १९६९ साली जो मॅकॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या मूलकाची विल्हेवाट लावणारे विकर (एन्झाइम) ओळखले. पेशीत ही मूलके खरोखरच तयार होतात, आणि त्यांना आवर घालण्याची व्यवस्थाही पेशीनेच केलेली असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

पुरवण्यांमधील गोष्ट इथेच संपते. प्रत्यक्षात पेशी काही मूलके हेतुपुरस्सर तयार करते. पांढऱ्या रक्तपेशी जिवाणूंना गिळल्यावर त्यांच्यावर सुपरऑक्साइड आणि त्यापासून बनणाऱ्या द्रव्यांचा मारा करतात. ज्या मुलांमध्ये ही क्षमता जन्मतःच नसते त्यांना जिवाणूंचे व बुरशीचे गंभीर संसर्ग वारंवार होतात. नायट्रिक ऑक्साइड हेही एक मूलकच आहे. रक्तवाहिन्या सैल करण्याचा संदेश ते वाहून नेते, आणि त्या शोधाबद्दल १९९८ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. याहून मूलभूत उदाहरण डीएनएचे आहे. डीएनएचे घटक तयार करणाऱ्या आपल्या पेशींतील विकरामध्ये एका अमिनो आम्लावर एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि त्याच्यावाचून ते विकर काम करत नाही, म्हणजे पेशीविभाजनच या मूलकावर अवलंबून आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या अनेक रुग्णांना दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नेमके हेच मूलक निष्प्रभ करते. त्यामुळे अस्थिमज्जेतील पेशीविभाजन मंदावू शकते, आणि म्हणूनच हे औषध चालू असताना रक्तपेशींची संख्या वेळोवेळी तपासावी लागते. मूलके सरसकट पुसून टाकण्याचा सल्ला किती अविचारी आहे, हे एवढ्या एका उदाहरणावरून कळावे.

गोळ्यांविषयीचा पुरावा तर अधिकच गंभीर आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन (गाजरात असणारे एक अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, या अपेक्षेने ती हाती घेतली होती. तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेत बीटा-कॅरोटिनसोबत जीवनसत्त्व अ देऊन केलेल्या अशाच चाचणीतही धोका वाढल्याचे दिसले आणि १९९६ साली ती नियोजित मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. पुढे पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांच्या दुसऱ्या एका चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली जाहीर झाले. इतक्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष उपलब्ध असताना एखाद्या फळात अँटिऑक्सिडंट किती, याचे परीक्षानळीतील आकडे छापण्यात काय अर्थ आहे? अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची आपली सूची २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांवरून मानवी शरीरातील परिणाम ठरवता येत नाही आणि उत्पादक त्यांचा गैरवापर करत होते.

मुक्त मूलके निरुपद्रवी आहेत, असे मी म्हणत नाही. किरणोत्सर्गाने होणाऱ्या हानीत त्यांचा मोठा वाटा असतो, आणि तंबाखूचा धूर तर मूलकांनी भरलेला असतो. फळे व भाज्या खाणे हितकारक आहे, यालाही चांगला आधार आहे. मात्र त्या हिताचे सारे श्रेय एका रासायनिक गुणधर्माला देऊन तो गोळीत भरून विकता येतो, हे वरील चाचण्यांत टिकले नाही.

माझी विनंती एवढीच की, असा मजकूर छापताना सांगितलेला परिणाम परीक्षानळीत, उंदरांत की माणसांत दिसला आणि कोणत्या मात्रेत दिसला, हे लेखकाकडून लिहून घ्यावे. आणि धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेऊ नयेत, हे आरोग्य पुरवणीच्या येत्या अंकात ठळक चौकटीत छापावे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक, नाशिक