गोदाकाठाला भिंतीपेक्षा उतार द्या: जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत घाटांबरोबर गोदावरीच्या संरक्षक भिंतींचाही विषय निघणारच, म्हणून हे पत्र. जिथे जागा आहे तिथे उभी काँक्रीटची भिंत न बांधता काठाला उतार देऊन दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचे अस्तर, करावे आणि पात्रातले गोटे जागेवर राहू द्यावेत, एवढीच विनंती आहे.

गोटे म्हणजे अडगळ नव्हे. पुराचे पाणी त्यांच्या फटींत शिरून आपला जोर तिथेच घालवते, आणि वरचा जाड थर खालच्या बारीक रेतीला झाकून धरतो. सफाईच्या नावाखाली हा थर उचलला की तळ उघडा पडतो. १९६५ पासून वरच्या अंगाला गंगापूर धरण असल्याने तिकडून येणारी भर धरणातच अडते. त्यामुळे एकदा गेलेले गोटे सहजी परत येत नाहीत. उभी भिंत तर पाण्याचा जोर पायाशीच वळवते.

गेल्या पावसाळ्यानंतर टाकळीच्या खालच्या अंगाला एका भिंतीच्या पायाशी उकिडवा बसलो. वरून भिंत नवीकोरी होती. खाली मात्र कोपरापर्यंत हात आत गेला आणि बोटांना नुसती पोकळी लागली. पाणी निचरण्याची भोके सिमेंटच्या गोण्यांनी बुजलेली होती, म्हणजे पूर ओसरताना मागची ओली माती भिंतीला बाहेर रेटणार. भिंत संपते तिथून पुढच्या बांधावर पेरूची मुळे उघडी पडली होती. कोकणातल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या टोकाशीही किनारा असाच खचतो.

पिचिंगही निष्काळजीपणे केले तर टिकत नाही. दगडांखाली वाळू-खडीचा गाळणथर नसेल, तर फटींतून माती निघून जाते, आणि नेमका हाच थर वरून दिसत नसल्याने वगळला जातो. रामकुंडाच्या आसपास उताराला जागाच नाही, तिथे दगडी घाट ठीक. पण शहराच्या खाली ती सबब चालणार नाही.

दिंडोरी रस्त्यावरच्या ‘मेरी’कडून (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून) या आराखड्यांची तपासणी करून घ्यावी. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले, हे २०१६ आणि २०१९ च्या पुरांत साऱ्या शहराने पाहिले. पूर ओसरल्यावर भिंतींच्या पायाशी तळ किती खाली गेला, तेही दरवर्षी मोजून घाटावरच्या फलकावर लावावे.

आपला,
गोदाकाठचा एक निवृत्त अभियंता, नाशिक