महसूलमंत्र्यांना खुले पत्र : कोळीवाडा घराच्या ओट्यापाशी संपत नाही

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी सकाळी वरळी कोळीवाड्यात गेलो होतो. उभा जन्म मुंबईत गेला, पण सी लिंकवरून दिसणाऱ्या त्या रंगीत होड्यांपर्यंत पायी कधी पोहोचलो नव्हतो. एका माणसापुरत्या गल्ल्या, आणि टोकाला किल्ला. तटाच्या सावलीत एक वयस्कर नाखवा जाळं दुरुस्त करत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून ताणलेली, हातात नायलॉनचा दोरा ओवलेली सुई. फाटका भाग कापायचा, मग एकेक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, भरत यायचं. नजर माझ्याकडे, हात जाळ्यात. म्हणाले, ‘घरं मोजतील हो, पण ही जाळ्याची जागा कोण मोजणार?’

मंत्रिमहोदय, माझं पत्र या एका प्रश्नापुरतंच आहे.

१६६१च्या विवाह करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, १६६८मध्ये वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. कोळी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. शहराला नाव देणारी मुंबादेवी त्यांचीच. वरळीचा किल्ला इंग्रजांनी नंतर बांधला. त्या दगडांची वारसा म्हणून नोंद झाली. पण कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा, म्हणजे हद्दी मोजून नकाशावर आखण्याचा, वाद मात्र वर्षानुवर्षं चालूच आहे.

या मोजणीत नुसती घरं धरली आणि होड्या ओढायची वाळू, जाळी पसरायची जागा, सुकट वाळवायचं अंगण सोडलं, तर ते सगळं ‘मोकळी जमीन’ ठरतं. मुंबईत मोकळ्या जमिनीचं काय होतं, हे आपल्याला मी सांगायला नको. कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या जायच्या वाटेवर खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. वरळीचे कोळी लढले, तेव्हा ते १२० मीटर झालं. आधीच विचारलं असतं तर लढावं लागलं नसतं.

म्हणून विनंती : या जागा गावाच्या सामाईक वहिवाटीच्या म्हणून नोंदवा. मोजणीला नाखवे आणि मासळी विकणाऱ्या बायका, दोघांनाही सोबत घ्या. आणि माणसं ओहोटीला पाठवा. भरतीच्या वेळी होड्या लावायची बरीच जागा पाण्याखाली असते, ती नकाशावर येणारच नाही.

आपला,
एक मुंबईकर