तीस सेकंदांचं गाणं

ए भावा,

गणपतीपासून तुला उत्तर देईन देईन म्हणतोय आणि इथं जानेवारी उजाडला, काय शिव्या घालायच्या त्या घाल पण पत्र पूर्ण वाच. तू विचारलेलंस ना की ट्रम्पेट वाजवतो म्हणजे नक्की काय करतोस, लग्नातल्या बँडसारखं का? हो रे, बरंचसं तसंच, फक्त घोडा नाही आणि नवरदेवाच्या जागी बास्केटबॉलची टीम आहे.

इकडे अमेरिकेत, ओहायोत, बँड हा शाळेत चक्क विषय आहे, रोज एक तास, वर मार्क. सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला मैदानावर युनिफॉर्म घालून चालत वाजवायचं, थंडीत माउथपीस ओठाला असा लागतो की बर्फाचा गोळाच चोखतोय. आणि बास्केटबॉल सुरू झालं की सगळं जिमच्या आत, युनिफॉर्म नाही, एकसारखे टी-शर्ट घालून बाकड्यांवर दाटीवाटीनं बसायचं, त्याला म्हणतात पेप बँड. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, एक अजस्र सूझाफोन (अंगाभोवती गुंडाळायचा पितळी भोंगा), ड्रमसेट आणि बेस गिटारवाला एक पोरगा जो कायम चिप्स खात असतो.

सुरुवातीला माझी वाट लागली ती पेटीमुळे. सर म्हणाले सी हा सूर वाजव, मी फुंकला, आणि कानाला काय ऐकू आलं, तर पेटीची काळी पाच! मला वाटलं वाद्यच बिघडलंय. मग कळलं की ट्रम्पेटचा सी म्हणजेच काळी पाच, आल्टो सॅक्सोफोनचा सी म्हणजे काळी दोन, प्रत्येकाचा सा वेगळा आणि कागदही वेगळा, आणि तरी एकत्र फुंकलं की गाणं एकच. आपल्या क्लासमधल्या बाईंना हे सांगितलं तर त्या पेटी बंद करून उठून जातील.

आता मुख्य गंमत. मॅच आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरची, आणि बॉल खेळात असताना बँडनं वाजवायचं नाही हा नियमच आहे. म्हणजे आम्हाला मिळतात फटी. टाइमआउट, म्हणजे टीमनं खेळ थांबवून घेतलेला ब्रेक, दोन प्रकारचे, 60 सेकंदांचा आणि 30 चा, आणि दोन्हींत शेवटच्या 15 सेकंदांना भोंगा वाजतो, की संपवा आता. त्यामुळे आमची गाणी म्हणजे गाणी नाहीतच, नुसते मुखडे. वीस-चोवीस बार (चार-चार मात्रांचे तुकडे), अंतरा गायब, कडवी गायब, सगळ्यांना माहीत असलेला तुकडा थेट पहिल्या ठोक्यापासून. 'सेव्हन नेशन आर्मी' हे रॉक गाणं 2003 चं आहे, म्हणजे आपल्या जन्माआधीचं, पण त्याची ती सात सुरांची ओळ सुरू झाली की अख्खं जिम पाय आपटतं. ती ओळ आमच्यात ट्रॉम्बोन आणि सूझाफोन ओढतात, आम्ही वर नुसते फटके मारतो. आणि अरेंजमेंट लिहिणारा हुशार असतो बरं का, एकच सूर तिघातिघांना वाटून दिलेला असतो, म्हणजे दोघं आजारी पडले तरी गाणं लंगडत नाही.

कागद तळहाताएवढे, छोट्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, प्रत्येकाला नंबर. सर बोटांनी नंबर दाखवतात, आपण ढोल-ताशा पथकात हात, म्हणजे ठेका, बदलायला दाखवायचो अगदी तसंच, मग ड्रमवाला काड्या चार वेळा आपटतो की सुरू. आणि सरांची मूठ वळली की बंद. कुठेही. ओळ अर्धी असो, वरचा सूर नुकताच लागलेला असो, बंद. हे मला भयंकर डोक्यात जायचं रे. समेवर न येता थांबायचं म्हणजे शिंक येता येता नाक दाबल्यासारखं. लक्ष्मी रोडला मिरवणुकीत आपण एकच हात पंधरा मिनिटं घासायचो, आणि इथं पंधरा सेकंदांत गाशा गुंडाळायचा.

त्यातच मागच्या शुक्रवारी माती खाल्ली. तिसरा क्वार्टर, स्कोअर बरोबरीत, माझा वरचा जी हा सूर पहिल्यांदाच असा स्वच्छ लागला होता की मी डोळे मिटले. मूठ दिसलीच नाही. सगळे थांबले आणि मी एकटा, पिवळ्या दिव्यांखाली, पेंऽऽऽ. रेफरी बॉल हातात देणार होता तो तसाच थांबला आणि वळून आमच्याकडे बघायला लागला. दोन सेकंद असतील, मला दोन तास वाटले. मग समोरच्या टीमचे लोकसुद्धा हसले. सर काही बोलले नाहीत, दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि मग माझ्याकडे, बस्स. तेव्हापासून मी फोल्डरकडे बघतच नाही, नोट्स पाठ आणि नजर मुठीवर.

हां, आणि शाळेचं जे 'आपलं' गाणं म्हणून सगळे छातीवर हात ठेवून उभे राहतात त्याची चाल आहे 'ऑन, विस्कॉन्सिन'ची, 1909 ची. आम्ही ओहायोत, चाल विस्कॉन्सिनच्या विद्यापीठाची, आणि ती मुळात रचायला घेतली होती मिनेसोटासाठी! अशा कितीतरी शाळांनी ती उचललीय. आपल्याकडे भजनाला सिनेमाची चाल लावली की नाक मुरडणारे काका आहेत ना, त्यांना सांग.

आता काम. 30 सेकंदांच्या टाइमआउटला आम्ही पितळ तोंडाला लावेपर्यंतच भोंगा होतो, म्हणून तिथे फक्त ड्रम वाजतात, आणि आमच्या ड्रमवाल्याकडे तेच तेच दोन ठोके आहेत. मी त्याला टेबलावर बोटांनी आपला एक हात वाजवून दाखवला तर पोरगा वेडाच झाला. सर म्हणाले बारा सेकंदांत बसव, वाजवू. तर तू ताशा काढ आणि आपला तो शेवटचा फास्टवाला रेकॉर्ड करून पाठव, ढोल नको, नुसता ताशा, आधी सावकाश मग लयीत. आणि कानात क्लिक (लय धरणारी टिकटिक) लावून वाजव रे बाबा, तू दर वेळी पळतोस. बुधवारी प्रॅक्टिस आहे, त्याच्या आत.

तुझाच,
पेंऽऽऽ